मी घालायला लावलेले हातमोजे

मी आयुष्यात एकदाच पोलिसांना जबाब दिला आहे, आणि तोही एका माणसाला हातमोजे घालायला लावले म्हणून. तुमच्या आईला यातलं अर्धंच ठाऊक आहे. फोनवर सगळं सांगितलं असतं तर ती परदेशातून तिकीट काढून आली असती, आणि इथे येऊन तिने केलं काय असतं? आता गोष्ट जुनी झाली, तुम्ही दोघं नातवंडंही मोठी झालात, म्हणून सुरुवातीपासून लिहिते.

कोरोना ओसरला त्या हिवाळ्यात मी मागचं दार स्वच्छ करून घ्यायचं ठरवलं. यवतमाळच्या आपल्या घराचं ते दार अस्सल सागवानी आहे, पण त्यावर दर दिवाळीला कोणी ना कोणी हिरवा ऑइल पेंट चढवत आलं. शेवटी थर इतका जाड झाला की कडी लागेना. शेजारचे काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. गावातला प्रत्येक कारागीर कोणत्या स्टॉपवर उतरतो ते त्यांना पाठ आहे. त्यांनी एक पॉलिश मिस्त्री पाठवला.

मिस्त्री पन्नाशीचे, बारीक, बोलायला गोड. त्यांचे वडीलही पॉलिशचंच काम करत. आल्या आल्या त्यांनी डोळे मिटले आणि उजवा तळहात दाराच्या कडेवरून, जिथे रंग उडाला होता तिथून, हळूच खाली नेला. मग म्हणाले, "लाकूड चांगलं हाय बाई. इथं एक गाठ हाय, अन् इथं कोनीतरी रंधा उलटा मारला."

मी चष्मा लावून पाहिलं. मला काही दिसलं नाही.

"डोये फसवतेत," ते म्हणाले. "मी पॉलिश हातानंच पाह्यतो. माये अब्बाही असेच पाहत होते."

माझी शाळेतली नोकरी तुम्हाला ठाऊकच आहे. सगळं गाव मला बाई म्हणतं ते त्यामुळेच. तीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं, त्यामुळे कोणत्याही डब्यावर बारीक इंग्रजी अक्षरं दिसली की मला ती वाचल्याशिवाय राहवत नाही. मिस्त्रींनी रंग काढायचं रिमूव्हर आणलं होतं. घट्ट जेलीसारखं असतं ते. ब्रशने लावायचं, पाच-दहा मिनिटांत रंगाला फोड येतात, मग पत्र्याने खरवडायचा आणि थिनरच्या बोळ्याने पुसून घ्यायचं. पहिल्या दिवशी त्यांनी हे सगळं उघड्या हातांनी केलं. थोडं काम झालं की ते ड्रमपाशी जात, तांब्याभर पाणी हातांवर घेत आणि परत येत.

"झोंबत नाही का?" मी विचारलं.

"झोंबते ना. झोंबलं का धुतो. मंग पुन्हा लागतो."

मला हे अगदी अव्यवस्थित वाटलं. त्या संध्याकाळी मी भिंग घेऊन डब्यावरचा मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. त्यात हातमोजे घालावेत असं स्वच्छ लिहिलं होतं. आणि हातमोजे तर माझ्याकडे होते! कोरोनात तुमच्या आईने शंभरांचा डबा पाठवला होता, डॉक्टर तपासताना घालतात तसे, पांढरे, पातळ. मी त्यातले चार जोड वापरून बाकीचे कपाटात ठेवले होते, वर तारीख टाकून.

एक गोष्ट तेव्हाच सांगायला हवी होती, ती आता सांगते. डब्यावरच्या त्या वाक्यात हातमोज्यांच्या आधी एक विशेषण होतं. 'योग्य' हातमोजे घालावेत. मुलींच्या वह्यांत गाळलेल्या शब्दांच्या जागी मी आयुष्यभर लाल रेघ ओढली, आणि स्वतः ते विशेषण सहज ओलांडून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी मिस्त्रींना खुर्चीवर बसवलं आणि एक जोड पुढे केला.

"हे तं डॉक्टर लोकायचे हायेत, बाई."

"आज तुम्हीही डॉक्टर."

"मंग करतो दाराचं आपरेशन," असं म्हणून त्यांनी हात पुढे केले. हातमोजे मनगटाशी सैल होते. रिमूव्हर आत ओघळू नये म्हणून मी दोन्ही मनगटांवर एकेक रबरबँड चढवला, घट्ट, दुहेरी. कंडक्टर काका कुंपणावरून पाहत होते. म्हणाले, "आता तं मिस्त्री परदेशी झाला."

मिस्त्रींनी दारावरून पंजा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "हात आंधये झाले बाई. काही समजून नाही राह्यलं."

"सवय होईल," मी म्हटलं.

अर्ध्या तासाने ते म्हणाले, "बाई, अंदर गरम लागून राह्यलं."

"घाम असेल. रबरात घाम येतोच."

ते बरं म्हणाले. आणखी दहा मिनिटांनी म्हणाले, "बाई, हा घाम जरा जास्तच गरम हाय."

यावर मी काय केलं असेल? आतून टेबलफॅन आणला, वायर खिडकीतून बाहेर काढली आणि तो त्यांच्या हातांच्या दिशेने लावून दिला. तो मान फिरवणारा पंखा दुसरीकडे वळू नये म्हणून त्याची मागची कळही दाबली. मला स्वतःच्या तत्परतेचं समाधान वाटलं. त्यानंतर मिस्त्री काही बोलले नाहीत. का बोलले नाहीत ते मला पुढे कळलं. बाईंची वस्तू परदेशातून आलेली, बाईंनी स्वतःच्या हाताने घातलेली, वर पंखाही लावून दिलेला. ती अर्ध्यात काढून टाकणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं.

साडेअकराला मी चहा आणला. त्यांनी कप धरायला हात पुढे केला आणि परत घेतला. तेव्हा मी हातमोज्यांकडे नीट पाहिलं. ते मोठे झाले होते. सकाळी घातले त्याच्या दीडपट, सुरकुतलेले, पिवळट, पाण्यात भिजलेल्या पापडासारखे. फक्त मनगटाशी, रबरबँडखाली, जागच्या जागी. मी रबरबँड कापले आणि मोजे सोलून काढले. आतली कातडी आधी पांढरी दिसली, मग पाहता पाहता लाल झाली, उजव्या तळहातावर टम्म फोड उठले. आणि दोन्ही मनगटांवर पट्टीने आखावी तशी सरळ रेघ. रेघेच्या वर धड हात, खाली भाजलेला.

मिस्त्री ओरडले नाहीत. त्यांनी उजव्या हाताचं बोट डाव्या बोटाला लावून पाहिलं, पुन्हा लावलं, आणि म्हणाले, "बाई, काहीच समजत नाही. मोजे काढले ना तुमी?"

मी धावत डबा आणला, कारण त्यावर प्रथमोपचार लिहिलेले असतात. भिंग शोधण्यात वेळ गेला. मी मोठ्याने वाचत होते, "भरपूर पाण्याने..." आणि मान वर केली तर कंडक्टर काका कुंपण ओलांडून आलेले, आणि त्यांनी टूथपेस्टची अख्खी ट्यूब मिस्त्रींच्या दोन्ही हातांवर पिळून, चोळून, वर फुंकर घालणं चालवलं होतं.

"थंड वाटते का नाही?" ते विचारत होते.

"वास चांगला हाय," मिस्त्री म्हणाले.

मग मी ड्रममधून पाणी ओतायला लागले. नळाला पाणी यायला दोन दिवस होते आणि ड्रम तळाला गेला होता. खरवडून खरवडून सात-आठ तांबे निघाले. पेस्टचा फेस झाला, निघाली मात्र नाही. आम्ही ऑटो केला. मी रिमूव्हरचा डबा घट्ट बंद करून पिशवीत घेतला, हातमोज्यांचं खोकंही घेतलं, कारण डॉक्टर विचारतील.

ऑटोत कंडक्टर काकांनी मध्ये बसून हलक्या आवाजात कायदा समजावला. "केमिकलनं जळलं म्हटलं का पोलीस केस होते. मंग बाईले या वयात चकरा. काहून उगाच?"

"बाईले त्रास नाही झाला पाहिजे," मिस्त्री म्हणाले.

"खोटं बोलायचं नाही," मी सांगितलं. दोघांनीही मान डोलावली. शाळेतल्या मुली अशीच मान डोलवायच्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सरकारी दवाखान्यात अपघात विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने हात पाहिले, पेस्ट पाहिली, आणि विचारलं, "कशाने झालं?"

मी तोंड उघडायच्या आत मिस्त्री म्हणाले, "दूध सांडलं."

"उकयतं," कंडक्टर काकांनी भर घातली. "म्हशीचं."

 डॉक्टरिणीने मिस्त्रींचे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवले आणि मनगटावरच्या रेघेवरून पेन फिरवलं. "सांडलेलं दूध शिंतोडे उडवतं," ती म्हणाली. "ओघळतं. दोन्ही हातांवर एकाच उंचीवर अशी रेघ येत नाही. हे हात बुडवलेले आहेत. बुडवून धरलेले आहेत." मग तिने मान वर केली. "कोणी धरले?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मदतीसाठी पाहिलं होतं बिचाऱ्यांनी, पण डॉक्टरिणीला ते तसं दिसलं नाही.

"डॉक्टर, दूध नव्हतंच," मी म्हटलं.

"आजी, तुम्ही बाहेर बसा. मी त्यांना विचारते आहे."

मी बाहेर बाकावर बसले, मांडीवर पिशवी. आत काय झालं ते मला मिस्त्रींनी नंतर सांगितलं. डॉक्टरिणीने दार लोटून घेतलं आणि अगदी हळुवारपणे विचारलं, "घाबरू नका. या बाई तुम्हाला नेहमी त्रास देतात का?"

"नाई नाई, बाई लय चांगल्या हायेत. पंखा लावून देल्ला त्याईनं."

"हात दुधात असताना पंखा लावला?"

"हो."

"मग हात बुडवले कोणी?"

मिस्त्रींना आता मागे फिरता येईना. म्हणाले, "मीच बुडवले. साय पाहत होतो."

डॉक्टरिणीने दवाखान्याच्या चौकीतून हवालदाराला बोलावलं.

हवालदार चाळिशीचा होता, पोट सुटलेला, स्वभावाने वाईट नव्हता. त्याने माझ्याशेजारी बसून वही उघडली. "आजी, खरं काय ते सांगून टाका. दूध कायले तापवलं होतं?"

मी त्याला सगळं क्रमाने सांगितलं. दार, रिमूव्हर, डबा, हातमोजे, रबरबँड, घाम, पंखा. तो लिहिता लिहिता थांबला.

"म्हंजे हातमोजे घातल्यानं हात जळले?"

"हो."

"आजी, हातमोजे नाही घातले म्हनून जळते. मी नोकरीत लय जळीत पाह्यले. घातले म्हनून जळाले असं एकही नाही." त्याने आत डोकावून मिस्त्रींना विचारलं, "काय हो, खरं काय? दूध का हातमोजे?"

"दूध, साहेब."

"बाईच्या घरी म्हैस हाय?"

"पाकिटाचं होतं," कंडक्टर काका म्हणाले. त्यांनी आधी म्हशीचं सांगितलं होतं हे ते विसरले.

माझा जन्म शिस्तीत गेला आहे, पण त्या बाकावर मला पहिल्यांदा घाम फुटला. पोलिसांचं भय नव्हतं. आत दूध समजून इलाज चालला होता आणि पेस्टखाली ते रिमूव्हर अजून हातावर असेल, याचं भय होतं. मी उठले. नर्सच्या टेबलावर स्टीलचा तो वाकडा ट्रे असतो तो घेतला, पिशवीतून एक नवा हातमोजा काढून त्यात ठेवला आणि वर रिमूव्हर ओतलं. नर्स ओरडली. हवालदार म्हणाला, "अवं आजी, काय करून राह्यल्या?"

"दोन मिनिटं गप्प बसून बघा," मी म्हटलं. वर्गात म्हणायची त्याच आवाजात. तो गप्प बसला. बाकावरचे दोन अनोळखी पेशंटसुद्धा गप्प बसले.

हातमोजा आधी नुसता ओला झाला. मग त्याची बोटं हलली. खरंच हलली, एकेक करून, आणि फुगायला लागली. पंजा ट्रेमध्ये मावेना, करंगळी काठावरून बाहेर आली. कोणाची तरी "या अल्ला" अशी कुजबुज ऐकू आली. मी हवालदाराच्या हातातलं पेन घेऊन टोचलं तर रबर लगद्यासारखं फाटलं. उग्र गोडसर वास पसरला आणि त्या वासाने डॉक्टरीण स्वतः बाहेर आली.

"हे होतं? हे त्यांच्या हातावर होतं? किती वेळ?"

"दीड तास. बंद करून. मीच बंद केलं होतं."

पुढे सगळं भराभर झालं. खिडक्या उघडल्या, ट्रे बाहेर नेला, मिस्त्रींना बेसिनपाशी नेऊन नळाखाली धरलं. नर्सने पेस्ट घासून काढली आणि पाणी सोडून ठेवलं, इतका वेळ की मिस्त्री उभ्या उभ्या थकले. डॉक्टरिणीने त्यांचे डोळे तपासले, छाती ऐकली, चक्कर येते का विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी वर मलम लावून पट्टी बांधणार होते. ते आत राहिलं असतं तर पुन्हा तुमच्या हातमोज्यासारखंच झालं असतं." तिने मला समजावलं की असली द्रव्यं पातळ रबरातून आरपार जातात, आणि आत गेली की उडून जाऊ शकत नाहीत, उघड्या हातावर घ्यावीत असाही याचा अर्थ नाही, जाड आणि त्याच द्रव्यासाठी केलेले हातमोजे वेगळे असतात. मी वही नव्हती म्हणून ते खोक्यावर लिहून घेतलं.

मिस्त्रींचं सगळं लक्ष दुसरीकडे होतं. "हात कामात येईन ना, म्याडम?"

"कातडी येईल."

"कातडी तं येईन. समजन का हातानं?"

"ते आत्ता नाही सांगता येणार. तीन-चार आठवडे जाऊ द्या."

"मंग काय भिंतीले चुना मारत फिरू?" मिस्त्री म्हणाले. हे ते हसत म्हणाले, पण कोणीच हसलं नाही. कंडक्टर काकाही नाहीत.

जबाब राहिला होता. हवालदाराने लिहिलं की कामगाराकडून अनवधानाने अपघात झाला. मी सांगितलं, कामगाराकडून नाही, माझ्याकडून.

"आजी, असं लिहिलं तं मले तुमच्यावर काहीतरी करा लागन."

"करा."

"माई तक्रारच नाही!" मिस्त्री आतून ओरडले. "दूधच होतं!"

"तुमी गप बसा हो दूधवाले," हवालदार त्रासून म्हणाला. शेवटी त्याने लिहिलं की सदर वृद्ध महिलेने सुरक्षेच्या हेतूने हातमोजे घालावयास दिले असता सदर हातमोज्यांमुळे इजा झाली. ते वाक्य त्याने दोनदा स्वतःशी वाचलं आणि मान हलवली. मी त्यात 'अयोग्य' हा शब्द घालायला लावला. हातमोज्यांचं खोकं त्याने जप्त केलं. घरी गेल्यावर त्याच्या बायकोने त्यातले दोन मोजे भांडी घासायला काढले असं तो पुढे मला बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, आणि घाईघाईने, "साबणानं काही होत नाही ना?" असंही विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज ऑटोने मिस्त्रींच्या घरी जाऊन त्यांना ड्रेसिंगला नेत असे. दोन्ही हातांना पट्ट्यांचे गोळे. जेवण त्यांची बायको भरवायची. पहिल्या दिवशी मी तिची माफी मागितली. ती घास कालवता कालवता म्हणाली, "बाईजी, आपने तो अच्छे के लिए किया। बस, अच्छा करना थोड़ा कम कर दो।" मग त्यांच्या तोंडात घास कोंबून, "और ये! तीस साल में मेरी एक बात नहीं सुनी, बाईजी ने बोला तो डेढ़ घंटा जलते रहे।"

"तू कभी पंखा लगाई?" मिस्त्री भरल्या तोंडाने म्हणाले.

ऑटोत ते रोज मला एकच गोष्ट दाखवत. पट्टीतून बाहेर आलेली बोटांची टोकं सीटच्या रेक्झिनवर घासायचे आणि माझ्याकडे पाहून नाही अशी मान हलवायचे. मग दुसरं काहीतरी बोलायचे. पुसदच्या एका घराच्या चौदा दारांचं काम त्यांनी घेतलं होतं. तिथला निरोप आला की दुसरा माणूस लावतो. त्यांनी निरोप आणणाऱ्याला सांगितलं, लावा. त्या दिवशी ऑटोत त्यांनी रेक्झिनला हातही लावला नाही.

चौथ्या आठवड्यात पट्ट्या सुटल्या. नवी कातडी गुलाबी, पातळ, लहान मुलाच्या टाचेसारखी. डॉक्टरीण तीच होती. तिने मिस्त्रींना खुर्चीत बसवून डोळे मिटायला सांगितलं. "मी काहीतरी लावीन. काय आहे ते सांगायचं."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. माझी बोटं मी पदरात घट्ट गुंडाळली होती.

तिने उजव्या तळहाताच्या मधोमध काहीतरी टेकवलं. मिस्त्री गप्प. तिने ते थोडं खाली नेलं.

"कापूस," ते म्हणाले.

"बरोबर."

"ओला हाय," ते डोळे मिटूनच म्हणाले. "असा ओला कापूस जिनिंगवाले दारातूनच परत करतेत, म्याडम."

डॉक्टरीण हसली. तिने अंगठा केला, तर्जनी केली. "कापूस. कापूस." मधलं बोट. तिथे त्यांना जरा वेळ लागला, कपाळाला आठ्या पडल्या. "कापूस. पन दुरून." अनामिका. "कापूस." मग ती करंगळीकडे वळली.

"कापूस," मिस्त्री म्हणाले.

डॉक्टरिणीचा हात वरच होता. "मी अजून लावलाच नाही."

मिस्त्रींनी एक डोळा उघडून आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. तिने आता खरंच कापूस लावला, दाबून लावला, आणि ते नाही म्हणाले. तिने कागदावर काहीतरी लिहिलं.

"राहू द्या हो," मिस्त्री मला म्हणाले, कारण माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. "करंगळीनं कोन पॉलिश पाह्यते?"